कासंडीवरची फटफटी

उकंडरावांना डोणगावात लोक ‘इंजिनवाले’ म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडे हळूच बघत. ते बघणं उकंडरावांना उभ्या जन्मात दिसलं नाही. त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईला, ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिसलं आणि तेव्हापासून ती ते रोज बघत आली होती.

थोरल्या भावाच्या, महादेवरावांच्या, पाठची तीन लेकरं गेली, म्हणून हे जन्मल्याबरोबर आजीनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं आणि नाव उकंडा ठेवलं. यमानं म्हणे उकिरड्यावरच्या पोराकडे वळून पाहू नये. यमानं पाहिलं नाही. पण त्यानंतर घरातल्या एकाही माणसानं दुसरीकडे पाहिलं नाही. साय यांच्या वाटीत, उसाचा मधला कांडा यांच्या हातात. थोरला महादेव बापामागे मोटेवर, आणि हे ओट्यावर पाय हलवत. नाव उकंडा आणि थाट जहागिरदाराचा, असं ते प्रकरण तयार झालं आणि पुढे पिंपळगाव राजा गावच्या वच्छलेच्या पदरात पडलं.

शिकले चौथीपर्यंत. मग अकोल्याला मोटारी दुरुस्त करणाऱ्या एकाकडे काही महिने राहून आले. तिथे आपण इंजिनं खोलत होतो असं ते सांगत. वच्छलाबाईचा मावसभाऊ त्याच गल्लीत राहायचा. तो म्हणे की ते ट्रक धूत. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, असं वच्छलाबाईचं मत होतं. ट्रक धुताना इंजिन दिसतंच.

तेवढ्या भांडवलावर त्यांनी गावातल्या यंत्रांवर हात चालवला. मास्तरांचं घड्याळ, पीठगिरणीचा पट्टा, शिंप्याचं मशीन. वस्तू परत जोडल्यावर दोन-चार स्क्रू हटकून उरत. ते उकंडराव एका डबीत टाकत आणि म्हणत, “कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात.” ती डबी भरली तेव्हा त्यांनी दुसरी घेतली.

आणि मग फटफटी. लढाईच्या काळातली, मेहकरच्या एका म्हाताऱ्या ओव्हरसियरच्या गोठ्यात वैरणीखाली पडलेली. तिचा हिरवा रंग जागोजाग उडाला होता आणि टाकीला खालून पाझर होता. तिथे उकंडराव कपड्यांचा साबण घासत. सुरू करण्याचा विधी मोठा होता. आधी काळा चष्मा. मग धोतराचा सोगा कमरेत. मग टाकीवर दोन थापा, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. मग लाथा. लाथांमागून लाथा. गल्लीतली कुत्री पहिल्या लाथेला उठत आणि दहाव्या लाथेनंतर पुन्हा झोपत. शेवटी ती धडधडत सुटली की उकंडराव बसस्टँडपर्यंत जात, वळत आणि परत येत. एवढाच तिचा उपयोग. स्टँड चालत जाण्याइतकं जवळ होतं.

हे सगळं वच्छलाबाई सोसत होती, कारण तिला स्वतःचं काम होतं.

सासऱ्यांनी जमीन दोघा भावांत वाटून दिली, पण विहीर फोडता येत नाही. म्हणून पाळी ठरली. ज्याची पाळी त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी त्याचं. ते कसं वर काढायचं हे ज्याचं त्यानं पाहावं. आणि पाळी चुकली तर चुकली. पुढच्या आठवड्यापर्यंत विहिरीत डोकावून पाहायचं नाही. महादेवराव अजून मोट हाकत. उकंडरावांनी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, आणि ज्या दिवशी बसवलं त्याच दिवशी चार माणसांत थोरल्या भावाला म्हणाले, “दादा, तुमचे बैल अर्धा दिवस उलटे चालतात, म्हणून तुमचा संसारही उलटा चालून राह्यला.” मोटेचे बैल विहिरीकाठच्या उतारावरून, धावेवरून, उतरताना पाणी ओढतात आणि मग मागच्या पावलांनी पुन्हा वर येतात; ती गंमत होती. महादेवराव हसले नाहीत. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं.

त्या इंजिनावर वच्छलाबाईचं कांद्याचं बी उभं होतं.

हे बी तिनं माहेरून आणलं होतं. तांबडा, चपटा, झणझणीत कांदा. तिच्या आईनं लग्नात ओटीतल्या नारळाबरोबर एक पुरचुंडी दिली होती, आणि त्या पुरचुंडीचं तिनं गेली कितीक वर्षं वाफ्यात बी धरलं. आसपासच्या बायका तिच्याकडूनच बी नेत. मोठ्या दुष्काळात मात्र सगळं गेलं. उरले होते टोपलीभर कांदे. घरात भाकरीबरोबर तोंडी लावायला मिरचीसुद्धा नव्हती, आणि उकंडराव रोज त्या टोपलीकडे बोट दाखवत. वच्छलाबाईनं टोपली माळ्यावर ठेवली आणि शिडी शेजारणीकडे नेऊन दिली. पाऊस झाल्यावर दिवाळीनंतर तिनं तेवढेच कांदे लावले. आता शिमगा उलटला होता. दांड्यांवर पांढरे गोंडे आले होते, मधमाश्या भिरभिरत होत्या. या दिवसांत पाणी मिळालं तर गोंड्यात दाणा भरतो. नाही मिळालं तर गोंडा दिसायला तसाच राहतो आणि आत नुसतं फोलपट. मग आईचं बी संपलं. दुसरीकडे कुठे ते नव्हतंच. माहेरचे वाफेही त्याच दुष्काळात बसले होते.

आणि नेमक्या त्याच हंगामात पेट्रोल महागलं.

महाग म्हणजे इतकं, की स्टँडपर्यंत जाऊन येणंसुद्धा उकंडरावांना परवडेना. फटफटी ओट्याशी उभी राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर बसू लागल्या. उकंडराव दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. वच्छलाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता.

“राकेलवर चालवतो,” ते म्हणाले.

“काय?”

“फटफटी. तापेलोक पेट्रोल द्याचं, तापली का राकेल. अकोल्याले मी पाह्यलं आहे.”

“अन् राकेल कुठून आणसान?”

“रेशनचं येते ना.”

रेशनचं येत होतं हे खरं. रांगेत उभं राहिलं की येत होतं, आणि रांगेत वच्छलाबाई उभी राहत होती. हे ती बोलली नाही. बोलण्यात अर्थ असलेल्या गोष्टी तिनं फार पूर्वी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, आणि त्या फार थोड्या होत्या.

दुसऱ्या टाकीसाठी त्यांना भांडं हवं होतं. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि पितळेची कासंडी उचलली. दूध काढायची, अरुंद तोंडाची, घाटदार कासंडी.

“अजी, म्हशीचं दूध कशात काढू?”

“पातेल्यात काढ. म्हशीले काय समजते?”

म्हशीला समजलं. रुंद पातेल्याच्या आवाजानं ती दोन दिवस पान्हा चोरत होती. पण उकंडरावांना म्हशीशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी कासंडीच्या बुडाला भोक पाडलं, आणि डाख लावायची सळई तापवायला वच्छलाबाईच्या चुलीत खुपसली. तव्यावरची भाकरी काढावी लागली. सळई लाल झाली की ते पळत ओट्यावर जात, कथील टेकवत, ते ओघळून भलत्याच जागी बसे, की पुन्हा पळत चुलीकडे. चार भाकऱ्यांचा स्वयंपाक त्या दिवशी दुपारपर्यंत चालला. शेवटी डाख बसला. दिसायला तो डाख नव्हता, गांधीलमाशीचं घर होतं, पण बसला.

आता नळी. नळी तांब्याची पाहिजे, रबराची रॉकेलनं गळते, हे उकंडरावांना ठाऊक होतं, आणि हे मात्र बरोबर होतं. वच्छलाबाईला त्याचंच जास्त वाईट वाटे. त्यांचं सगळंच चुकीचं असतं तर माणूस सोपा होता. अधूनमधून एखादं बरोबर निघायचं आणि त्याच्या जोरावर पुढची पंचवीस चुकीची कामं व्हायची.

तांब्याची नळी विहिरीवरच्या इंजिनाला होती. टाकीतलं तेल इंजिनात आणणारी.

ते नळी हातात घेऊन आले तेव्हा वच्छलाबाई कणीक मळत नव्हती, भांडी घासत नव्हती, काहीच करत नव्हती. दारात उभी होती.

“ते काऊन आणली?”

“दोन रोजासाठी. पाळी याच्या आत लावून देतो.”

“पाळी गुरुवारी आहे.”

“मले माहीत नाई काय? नळी बसवाले एक बिडी लागते. एक बिडी.”

असं म्हणून त्यांनी तिच्यादेखत ती सरळ, लांब नळी फटफटीच्या तापणाऱ्या धुराड्याभोवती वेटोळी करून गुंडाळली. रॉकेल आधी गरम झालं पाहिजे म्हणून. वेटोळी घालताना नळी दोन ठिकाणी चेपली. वच्छलाबाईनं ते पाहिलं. “सरळ होईन ना हे?” तिनं विचारलं. ते म्हणाले, “तांबं आहे व ते. सापासारखं सुटते.”

कासंडी सीटच्या पुढे, टाकीच्या मागे, चामड्याच्या पट्ट्यानं बांधली. उकंडराव बसले की ती त्यांच्या मांड्यांमध्ये येई, लेकरू घेऊन बसल्यासारखी. तोंडावर एक पितळी वाटी उपडी ठेवली. आणि लाथा घातल्या.

फटफटी चालली. ही गोष्ट मान्य करायला हवी. पेट्रोलवर तापली, त्यांनी पेट्रोलची चावी बंद करून रॉकेल सोडलं, जरा ठसकली, आणि पांढरा धूर सोडत रॉकेलवर चालू लागली. उकंडराव स्टँडवर गेले, बाजारातून फिरले, पुन्हा स्टँडवर गेले. फक्त वाटी खडखडत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला कासंडीतलं रॉकेल उसळून त्यांच्या धोतरावर येत होतं. घरी आले तेव्हा कमरेपासून गुडघ्यापर्यंत ते ओले होते. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं, बिडी पेटवणार असाल तर रस्त्याच्या पलीकडे पेटवा, असं सांगितलं होतं. कोणी तरी म्हणालं होतं, “इंजिनवाले, नेमकं कुठून गळून राह्यलं?”

चालली याचा आनंद त्यांना त्या एका वाक्यानं कडू झाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, त्यांना मेहकरला जायचं होतं. तिथे त्यांच्या बहिणीचे यजमान, नारायणराव, राहत. नारायणरावांकडे नवी स्कूटर होती, आणि पेट्रोलअभावी ती झाकून ठेवली होती. अशा माणसाच्या दारात ओलं धोतर घेऊन उभं राहणं उकंडरावांना शक्य नव्हतं.

बुधवारी सकाळी ते चुलीपाशी आले.

“कणकेचा एक गोळा दे. घट्ट.”

“कशाले?”

“तू नाई काय वाफ कोंडाले झाकणाले लावत. तसं वाटीले लावतो चोहीकून. थेंब बाहेर येणार नाई.”

वच्छलाबाईच्या हातात कणीक होती. तिनं मान वर केली. घरात तेलाचा डबा आला की तिला एक भोक पाडून भागत नसे. एकाच भोकातून तेल गुळूगुळू करत येतं, थांबतं, अडतं. समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं, आत वारा गेला, की धार लागते. हे कुणी कुणाला शिकवत नाही. रॉकेलचा डबा, तेलाचा डबा, सगळ्यांची तीच गोष्ट. कासंडीचं तोंड चोहीकडून कणकेनं लिंपलं तर आत वारा जाणार कुठून, आणि खाली तेल येणार कसं?

“अजी, पण वाटीले जराशी वाट—”

“तू कणीक दे व. यंत्रातलं मले सांगू नको.”

वाक्य तिच्या ओठावर होतं. तिनं ते गिळलं. गिळताना तिला बरं वाटलं, हेही खरं. नारायणरावांच्या दारात, नव्या स्कूटरच्या शेजारी, काळा चष्मा लावलेला हा माणूस लाथा मारत उभा आहे, हे चित्र तिला एका क्षणात इतकं स्वच्छ दिसलं की तिनं पाहिजे होता त्यापेक्षा मोठा गोळा तोडून दिला. वर म्हणाली, “चांगला दाबून लावा.”

त्यांनी चांगला दाबून लावला. उन्हात वाळू दिला. पेट्रोल फक्त तापण्यापुरतं घातलं, कारण रॉकेलवर आलो हे सांगायचं होतं.

“नळी?” निघताना तिनं विचारलं. “उद्या पाळी आहे.”

“सांजेलोक येतो.”

धूर खाली बसेपर्यंत ती ओट्यावर उभी होती.

संध्याकाळी ते आले नाहीत. तिनं भाकरी झाकून ठेवली आणि मनात हसली. झोपताना मात्र तिला हसू येईना. कारण तेव्हा तिच्या ध्यानात आलं की फटफटी जिथे कुठे अडली आहे तिथे नळीही अडली आहे.

गुरुवारी सकाळी ती वाफ्यांवर गेली. सूर्य वर येत होता. विहिरीत पाणी होतं, चांगलं दोन परस खोल. त्यावर इंजिन उभं होतं आणि त्याच्या टाकीखाली नळीच्या जागी नुसतं भोक होतं, त्यात उकंडरावांनी चिंधीचा बोळा कोंबला होता. गोंडे दुपारच्या उन्हानं माना टाकायला कालपासूनच लागले होते. तिनं एक गोंडा बोटांनी दाबला. आतली बोंडं हिरवी, मऊ, दुधाळ. अजून दाणा धरला नव्हता.

दुष्काळभर जी टोपली तिनं नवऱ्यापासून राखली, ती आता तिनं एका कणकेच्या गोळ्यावर घालवली होती. नारायणरावांच्या दारातली गंमत बघायला ती हजरसुद्धा नव्हती.

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घराकडे निघाली.

त्यांच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नसतं. त्यांची सावलीही टाळायची. महादेवराव ओसरीवर दोरखंड वळत बसले होते. वच्छलाबाई दाराआड उभी राहिली आणि जावेशी, रुखमाबाईशी बोलली. रुखमाबाई मधोमध बसून तांदूळ निवडत होती.

“बाई, आमचं इंजिन बंद आहे आज. नळी गेली मेहकरले.”

रुखमाबाईनं मान न वळवता ओसरीकडे सांगितलं, “नळी मेहकरले गेली म्हणते.”

“ऐकू येते मले,” महादेवराव तांदळाच्या सुपाकडे बघत म्हणाले. “काय काम काढलं म्हणा नळीनं मेहकरले?”

“फटफटीले गुंडाळली,” वच्छलाबाई भिंतीला म्हणाली.

ओसरीवर दोरखंड थांबलं. मग महादेवराव म्हणाले, “तिले विचार, आता काय पाह्यजे.”

“आज पाळी आमची आहे. बाईनं म्हणावं, बैल मोकळे आहेत तं...” तिनं पदर आणखी पुढे ओढला. “कांद्याचं बी आहे. दुसरं नाई काही.”

“बैल,” महादेवराव म्हणाले. ते भिंतीशी बोलत होते की बायकोशी, कळत नव्हतं. “उलटे चालतात म्हणा माहे बैल. संसार उलटा होईन तिचा.”

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं. “ते काय तिनं म्हटलं होतं?”

“नाई. पण हासली होती काय ते विचार.”

वच्छलाबाई हसली नव्हती. मान खाली घातली होती, आणि लाजेनं घातली होती. ते तिला सांगता येईना, आणि इथे सांगून उपयोगही नव्हता. तिनं एवढंच म्हटलं, “ते बी माह्या मायचं आहे, बाई.”

महादेवराव उठले. खुंटीवरचा आसूड घेतला आणि जाता जाता म्हणाले, “मोट काही इंजिन नोय. सगळे वाफे भिजणार नाईत. कोणते भिजवाचे ते तिनंच ठरवावं.”

ते गेल्यावर रुखमाबाई पुन्हा तांदळात बोटं घालत म्हणाली, “वच्छला, फटफटी बंद काऊन पडली असन?”

वच्छलाबाईनं सांगितलं. कासंडी, वाटी, कणीक. रुखमाबाईची बोटं थांबली.

“अन् तुले दिसलं नाई?”

“दिसलं.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“बोलू देते कोन?”

“बोलू देत नाई तं मोठ्यानं बोलाव. फटफटी त्याची आहे. वाफे तं तुहे आहेत ना.”

वच्छलाबाई कुदळ घेऊन विहिरीवर गेली.

मोट चालू झाली. बैल धावेवरून खाली उतरत, चाक कुरकुरे, मोट काठावरच्या थारोळ्यात भडाडून रिती होई, आणि बैल एकेक पाऊल मागे टाकत पुन्हा वर येत. महादेवराव तिच्याकडे पाठ करून हाकत होते. पाणी वाफ्यांकडे जाणाऱ्या दांडातून येत होतं, पण किती हळू. इंजिनाच्या पाण्याची सवय झालेल्या डोळ्यांना ती धार म्हणजे कुणी तरी आठवून आठवून पाणी सोडतंय अशी वाटे. वच्छलाबाईनं वांग्यांच्या वाफ्यांची तोंडं बुजवली. उकंडरावांच्या उसाच्या दोन सऱ्या होत्या, त्यांची तर पहिल्यांदा बुजवली. मग कांद्याचे वाफे. विहिरीजवळचे आधी. दुपारपर्यंत तिनं जवळचे भिजवले, आणि पलीकडच्या वाफ्यांकडे बघणं बंद केलं.

उन्हं कलताना मेहकरच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली. गाडी गावातल्या शालिग्रामची होती. तो मेहकरहून सरकीची पेंड भरून येत होता. पेंडीच्या पोत्यांवर फटफटी आडवी बांधली होती, आणि तिच्या शेजारी काळा चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून उकंडराव बसले होते. जणू गाडी त्यांनीच भाड्यानं केली होती आणि पेंड वाटेत कुणी तरी गळ्यात घातली होती.

“वहिनी, घ्या तुमचा माल,” शालिग्राम बांधावरूनच म्हणाला. “काल पाह्यलं तं एका बाभळीखाली खोलून बसले होते. आज येताना पाह्यलं तं दुसऱ्या बाभळीखाली. म्हटलं, पुढं गेले असतीन. तं म्हणे नाई, मागं आलो.”

“चूप बस बे,” उकंडराव म्हणाले. मग बायकोकडे वळून, “राकेल खराब होतं. रेशनवाले पाणी घालतात. मी कार्बोरेटर तीन बार खोललं. जराशी चालते, बंद पडते. थांबलं का पुन्हा जराशी चालते. पाणीच आहे त्याच्यात.”

“मेहकरले पोचले होते काय?” वच्छलाबाईनं विचारलं.

“पोचलोच होतो जवळपास.”

शालिग्राम खोकला.

वच्छलाबाई गाडीजवळ गेली. कुदळ टेकवून कमरेच्या विळ्याचं टोक तिनं वाटीखाली घातलं आणि वाळलेल्या कणकेचा एक तुकडा उडवला. आत वारा ओढला गेल्याचा आवाज झाला, लहान लेकरू रडून थकल्यावर श्वास घेतं तसा. आणि आडव्या फटफटीच्या, कार्बोरेटरपासून सुटलेल्या नळीच्या टोकातून रॉकेल पेंडीच्या पोत्यावर ठिबकू लागलं. थांबलं नाही.

शालिग्रामानं पोतं ओढून घेतलं. उकंडरावांनी आधी नळीकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग बायकोच्या हातातल्या विळ्याकडे. त्यांना समजायला वेळ लागला, पण समजलं. चेहऱ्यावरून कळत होतं. मग ते म्हणाले, “कणीक जास्त घट्ट होती तुही.”

वच्छलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की या माणसाचं बोलणं अर्ध्यानं तरी खरं आहे, आणि त्याचा तिला फार राग आला.

“नळी काढा,” ती म्हणाली. “सूर्य आहे अजून.”

त्यांनी नळी काढली. म्हणजे काढायला गेले. सापासारखी सुटणारी नळी पहिलं वेटोळं सुटली, दुसरं सुटली, आणि जिथे चेपली होती तिथे तुटली. तुटलेले दोन तुकडे हातात धरून उकंडराव म्हणाले, “डाख लावला का होते.”

धावेवर बैल मागे मागे येत होते. महादेवरावांनी तिथूनच हाक दिली, कुणालाही उद्देशून नाही, “पाणी येऊन राह्यलं. वाफ्याचं तोंड कोन फोडणार आहे का नाई?”

वच्छलाबाईनं कुदळ उचलली. दोन पावलं गेली आणि परत आली. नवऱ्याच्या हातातले तुकडे काढून घेतले, आणि या वेळी मोठ्यानं, शालिग्रामला आणि धावेवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “डाख नाई लावाचा. या बियाची पाळी सरेलोक तुमी मोट हाकाची. दादाचे बैल, दादाची मोट. जा, अन् आसूड घ्या.”

उकंडराव काही बोलतील असं शालिग्रामाला वाटलं, म्हणून तो थांबला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते धावेकडे गेले. महादेवरावांनी आसूड पुढे केला आणि ते बांधावर जाऊन बसले.

पलीकडचे वाफे वाचले नाहीत. त्यांच्या गोंड्यांत फोलपटच निघालं. जवळच्या वाफ्यांत दाणा भरला. काळा, टपोरा, पुढच्या साली सगळ्यांना वाटायला नाही पण वाफे धरायला पुरेल एवढा. वच्छलाबाईनं तो वाळक्या भोपळ्यात राख घालून भरला आणि भोपळा माळ्यावर ठेवला. या वेळी शिडी घरातच राहिली. कासंडी तिनं चिंचेनं घासली, राखेनं घासली, बुडाचं भोक बुजवून घेतलं. वास काही गेला नाही. म्हशीनं पातेलं मानून घेतलं होतं.

त्या हंगामातली शेवटची पाळी. उकंडराव मोट हाकत होते. हात बरे बसले होते त्यांचे. बापाबरोबर कधी गेले नव्हते, पण रक्तात असतंच काही तरी. बैल उलट्या पावलांनी धाव चढत होते आणि त्यांच्याबरोबर उकंडरावही. महादेवराव बांधावर तंबाखू मळत होते. अचानक उकंडराव थांबले. त्यांचा चेहरा उजळला. वाफ्यात उभ्या असलेल्या वच्छलाबाईनं कुदळ थांबवली.

“मी काय म्हणतो,” उकंडराव म्हणाले, “या धावेवर बैलाच्या जागी फटफटी लावली तं? मोटेले? बैलाले वैरण लागते, पाणी लागते...”

इतक्या वर्षांनी महादेवरावांनी धाकट्या भावाकडे सरळ पाहिलं.

“तुही फटफटी उलटी चालते काय बे?”

उकंडराव विचारात पडले. खरोखरच विचारात पडले. बैल तोवर आपणहून उतरायला लागले होते, मोट वर येऊन भडाडली, आणि वच्छलाबाईनं पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं.